वाटणीत आलेली साइडकार

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार वयाला आहे, वागणुकीला नाही.) इकडे सर्व ठीक, तिकडेही असावं. तुझी पाठ धरली होती ती सुटली का? वहिनींनी शेक घ्यायला सांगितलं आणि तू ऐकलं नाहीस, असं कळलं. कुठून कळलं ते विचारू नकोस. आपल्या दोघांच्या बायका रोज दुपारी फोनवर बोलतात हे मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे, फक्त ते आपल्याला माहीत नाही असं धरून चालायचं, एवढंच. मी फोन केला नाही, कारण वाटणी झाल्यापासून पहिला फोन कुणी करायचा हे अजून ठरलेलं नाही. पत्राबद्दल तसं काही नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. आणि भांडायलाच लिहितो आहे, तेव्हा चष्मा लावून नीट वाच.

झालं असं की मावशी पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता घरी आहे पण अंथरुणातून उठत नाही. आईने तिला भेटायचा ध्यास घेतला आहे. फोनवर बोलतात, म्हणजे एक रडते आणि दुसरी तिला रडू नकोस म्हणत स्वतः रडते. आता आईला न्यायचं कसं? बंद मोटारीत तिला पहिल्या वळणालाच मळमळतं. बसच्या पायरीवर तिचा पाय चढत नाही. रिक्षात बसते ती, पण एवढ्या लांब रिक्षावाला यायला तयार नाही. जन्मभर ती एकाच वाहनात खूश होती, ते म्हणजे बाबांच्या मोटारसायकलची साइडकार. ती साइडकार माझ्या अंगणात आहे आणि मोटारसायकल तुझ्या. असला मूर्खपणा जगात दुसऱ्या कुठल्या घरात झाला असेल तर मला दाखव.

तू विसरला असशील, म्हणून आठवण करून देतो. घर, कपाटं, भांडी, सगळं हसतखेळत वाटून झालं होतं. शेवटी ती जोडगाडी उरली. ती तुलाही हवी, मलाही हवी, आणि विकायची दोघांनाही नाही. मग मध्ये पडलेल्या काकांनी (ज्यांना साधी सायकल येत नाही) तोडगा काढला की एकाने मोटारसायकल घ्यावी, दुसऱ्याने बाजूची साइडकार. तिथवरही मी मूग गिळून बसलो होतो. पण तू हातात पाना घेऊन, चार माणसांच्या देखत म्हणालास, "साइडकार त्यालाच द्या. बसायची सवय आहे त्याला." दादा, हे वाक्य माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेलं नाही. आपण सगळे फिरायला निघायचो तेव्हा बाबा चालवायचे, तू मागच्या सीटवर ऐटीत, आणि मी साइडकारमध्ये आईच्या मांडीवर, हे खरं आहे. पण माझे पाय तेव्हा जमिनीला टेकत नव्हते. मी काय चालवणार होतो, कपाळ?

तर मी ठरवलं, तुझ्या नाकावर टिच्चून दुसरी मोटारसायकल घ्यायची आणि आपली साइडकार तिला जोडायची. शहराबाहेर गोदामांच्या रांगेत फक्त साइडकारवाल्या गाड्या विकणारं एक दुकान आहे, तिथे गेलो. आईही आली. बसणार ती, तर पसंत दुसरं कोण करणार, असं तिचं म्हणणं. दुकान चकाचक. आत रबराचा आणि पॉलिशचा वास, गाड्या तिरक्या ओळीत लावलेल्या, आणि मालक चष्मा कपाळावर चढवून, खांद्यावर फडकं टाकून उभा. त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बसणार कोण, एवढंच विचारलं आणि आईला हात धरून आत नेलं. तिच्या गुडघ्याची उंची टेपने मोजली, पाठीमागे उशी लावून बघितली, ऊन डोळ्यांवर येतं का विचारलं. मी हेल्मेट पोटाशी धरून खांबाला टेकून उभा. गिऱ्हाईक मी, पाकीट माझ्या खिशात, आणि मला बस म्हणायला कुणी नाही.

आईने एकेका साइडकारमध्ये बसून प्रत्येकीला नावं ठेवली. एक फार खोल, तिच्यातून उठायला क्रेन लागेल. दुसरीची काच एवढी उंच, की "मी काय शोकेसमधली वस्तू आहे का?" तिसरी तिला बरी वाटली, पण पायाशी पिशवी ठेवायला जागा नव्हती. आमच्या ह्यांच्या गाडीत पिशवी ठेवून वर पाय लांब करता यायचे, असं तिने मालकाला ऐकवलं. शेवटी मी खाकरून म्हटलं की साइडकार आमच्याकडे आहे, मला नुसती मोटारसायकल बघायची आहे. तर तो म्हणतो, आधी जोडगाडी चालवून दाखवा, मग बोलू. (मी गाडी विकत घ्यायला गेलो होतो, परीक्षेला बसायला नाही.)

दुकानामागे मोकळं आवार आहे. तिथे त्याने एक जुनी जोडगाडी काढली आणि साइडकारमध्ये आईच्या जागी वाळूचं पोतं ठेवलं. आईला ते अजिबात आवडलं नाही. तिला खुर्ची दिली, चहा दिला, तरी ती त्या पोत्याकडे रागाने बघत होती. मी गिअर टाकला, रेस दिली, आणि गाडी समोर जायच्या ऐवजी साइडकारच्या अंगाला निघाली. मी हँडल ओढतो आहे, ती ऐकत नाही, आणि जुन्या टायरांच्या ढिगात जाऊन थांबली. तुला वाटेल, झालं. नाही. मालक म्हणाला, पुन्हा. पुन्हा निघालो. या खेपेला डावीकडे वळलो, तर साइडकारचं चाक हवेत! पोतं बाहेर, वाळू माझ्या बुटांत, आणि गाडी परत त्याच ढिगात. आईने चहाचा कप खाली ठेवला आणि मालकाला म्हणाली, "थोरला छान चालवतो. अगदी ह्यांच्यासारखं. पोटातलं पाणीसुद्धा हलत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुटांतली वाळू मी काढतो आहे, तिची औषधं मी आणतो, रात्री उठून मी बघतो, आणि छान कोण चालवतो, तर तू. तू, ज्याने बाबांच्या मागे ती गाडी एकदाही रस्त्यावर काढलेली नाही.

मग मालकाने विचारलं की थोरला आहे तर तो कुठे आहे, आणि तुमच्या साइडकारची मूळ गाडी कुठे आहे. मी सांगितलं. त्याने कपाळावरचा चष्मा खाली घेऊन मला बघितलं. मग आत हाक मारून बायकोला बोलावलं आणि तिला म्हणाला, "हे बघ, ह्यांनी वाटणीत गाडी आणि साइडकार वेगळी केलीय." ती बिचारी हात पुसत आली, मला बघून घेतलं आणि परत गेली. दादा, त्या बाईच्या नजरेसमोर मी एकटा उभा होतो. निम्मा अपमान तुझा आहे. तो तुझ्या वाट्याला लावून घे.

त्यानंतर त्याने मला ऐकवलं. साइडकार म्हणजे बाजूला लटकवायचा डबा नव्हे. तिचं चाक किंचित गाडीकडे वळलेलं लागतं, गाडी किंचित बाहेर झुकलेली लागते, तेव्हा कुठे दोघी मिळून सरळ जातात. तुमची जोडी इतकी वर्षं एकत्र धावली आहे की एकमेकींच्या मापाने झिजली आहे. दुसऱ्या गाडीला लावायची तर खालची सगळी चौकट कापून टाकावी लागेल, ठेवायची फक्त वरची बैठक. करतो, म्हणाला, काम आहे माझं. मी हो म्हणणारच होतो. तुझा राग इतका होता की मी पूर्ण साइडकार कापून दिली असती. पण आई उठली. "काही कापायचं नाही," म्हणाली आणि पदर खोचून चालायला लागली. घरी आल्यावर अंगणात साइडकारवरची धूळ पदराने पुसून तिच्यात बसून राहिली, पायाशी पिशवी ठेवून. पिशवीत मावशीसाठी विणलेले मोजे आहेत. हे बघून मला जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही, कारण हे भांडणाचं पत्र आहे.

तर या सगळ्याला जबाबदार तू आहेस. काका थोडे आहेत, पण बाकी तू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहे तेवढा राहू द्यावा, वाढवायची घाई नाही.

तुझा (नाइलाजाने)
धाकटा भाऊ

ता.क. तो दुकानदार म्हणाला की दोन्ही भाग एका जागी आणून दिले तर तो स्वतः येऊन जोडून, नीट लावून देईल. तुझ्याकडची मोटारसायकल भिंतीला टेकवून ठेवली आहे असं ऐकतो, कारण तिला स्टँडच नाही. (तिला कधी गरजच पडली नव्हती.) ती टेम्पोत घालून रविवारी इकडे आणता येईल. ही विनंती नाही, माहिती आहे.

ता.क. जोडाचे चारही बोल्ट माझ्याकडे आहेत. तू ते भंगारात टाकायला निघाला होतास. मी तेल लावून डब्यात ठेवले आहेत. का ठेवले, हे विचारू नकोस.

ता.क. आईने पत्र वाचलं. म्हणाली, राग तसाच राहू दे, पण चालवणार कोण ते लिहिलं नाहीस. तर, आई साइडकारमध्ये. चालवायला तू ये. मी मागे बसेन. बसायची सवय आहे मला.