डेलियाची दोरी

अंबरनाथ,
४ मार्च १९८८

ती. चांगुणाआत्यास,
अंजनीचा सप्रेम जयभीम वि. वि.

दादांचा खोकला आता बरा आहे, पण विड्या सुटलेल्या नाहीत. तुझ्या कानावर घालावं म्हणून लिहिते.

आमच्या मंडळाच्या वर्धापनदिनी तू गायलीच पाहिजेस. गळा म्हातारा झाला, ही सबब चालायची नाही. माझं भाषण डेलिया नावाच्या गायिकेवर आहे. उल्हासनगरच्या रद्दीवाल्या सिंधी काकांकडे तिच्यावरचं पुस्तक मिळालं. काळ्या धोबिणीची ही पोर अमेरिकेत गायची, नाचायची, गोऱ्यांना पोट धरून हसवायची. पण जिथे गायची, त्याच हॉटेलात तिला खोली मिळत नसे. स्वयंपाकघराच्या दाराने आत जायचं आणि गाडीत झोपायचं. एका गावी सभागृहात मधोमध दोरी बांधलेली होती, अलीकडे गोरे, पलीकडे काळे. दोरी सोडल्याशिवाय तोंड उघडणार नाही, असं तिने सांगितलं आणि सोडायला लावली!

पण आत्या, पुढे वाचलं तर कळलं, त्याआधी अकरा वर्षं ती अशाच दोऱ्यांपुढे गायली होती. हे भाषणात सांगू का? तिची किंमत कमी होईल, अशी भीती वाटते. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं. पाटीवर पहिलं अक्षर तूच गिरवून घेतलंस, तेव्हा हेही तूच सांग.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी अंजनी

बदलापूर गाव,
११ मार्च १९८८

चि. अंजनीस,
अनेक आशीर्वाद.

बबनला सांग, विड्या सोडल्या नाहीत तर मी येऊन राहीन. घाबरेल.

त्या अकरा वर्षांचं आधी सांग. मीही तशीच गायले आहे. सत्तेचाळीस साली मालकांच्या घरचं लग्न होतं. पंधरा वर्षांची होते. मांडवाच्या कडेला मला उभी केली. आपली माणसं गोठ्यापलीकडे, दोरीच्या बाहेर, उन्हात. गाणं आवडलं म्हणून लुगडं दिलं, तेही लांबून अंगावर फेकून. मी ते मिरवत घरी आले. आई म्हणाली, कुठलं गाणं म्हटलंस गं, वाऱ्याने काही ऐकूच आलं नाही.

ते लुगडं मी कधी नेसले नाही. पुढे मैत्रीण गंगूबरोबर भीमाच्या जलशात गायले ते आपल्याच वस्त्यांत. दोरी पुन्हा समोर आली नाही, म्हणून सोडा म्हणायची वेळही आली नाही.

येते मी. गंगूलाही आणते.

जेवत जा वेळेवर.
तुझी आत्या

अंबरनाथ,
२८ मार्च १९८८

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

काय तोंडाने लिहू? वर्धापनदिनाला पाहुण्यांसाठी पुढच्या दोन रांगा राखायच्या म्हणून काथ्याची दोरी मीच बांधली होती. त्या दोरीपुढे उभी राहून मी डेलियाची दोरी सांगितली, टाळ्या घेतल्या. गंगूमावशी आणि तुमच्या जलशातल्या बाया मागे जमिनीवर बसल्या होत्या, ते मला दिसलंसुद्धा नाही.

तू स्टेजवर चढेनास, तेव्हा वाटलं घसा सुकला. धावत पाणी आणलं. तू प्यालीस आणि नुसता दोरीवर हात ठेवलास. मग कळलं. गाठ इतकी घट्ट बांधली होती, की शेवटी दातांनी सोडली.

तू गायलीस तेव्हा दादाही रडले. गंगूमावशी तर पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसून, जरा सरका, पाय लांब करायचेत, असं त्यांनाच सांगत होत्या.

मला मंडळात राहायचा हक्क आहे का? राजीनामा लिहून ठेवला आहे.

रागावली असलीस तरी उत्तर धाड.
अंजनी

बदलापूर गाव,
२ एप्रिल १९८८

चि. अंजनीस,
अनेक आशीर्वाद.

राजीनाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पुढचं भाषण लिही. कागद वाया घालवू नये.

डेलियाला अकरा वर्षं लागली. मला एकेचाळीस. तुला पेलाभर पाणी आणण्यापुरता वेळ लागला.

तुझी ती दोरी मी पिशवीत घालून घरी आणली. शेळीला बांधली आहे.

सुट्टीत ये, वाट बघते.
तुझी आत्या