वाटणीत आलेला तबला

पिंपळगाव राजा,
मार्गशीर्ष, १९७३

तीर्थस्वरूप इंद्रभानदादांस,

तुमच्या धाकट्या आतेभावाचा, वामनचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींना तुरीची डाळ पोचली का? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे माझ्या बाजूचे नक्की. भिंतीपलीकडे माझा धाकटा भाऊ जानरावही खुशाल असावा, कारण तिकडून भांड्यांचे आवाज येतात.

पत्र लिहायचं ते तुम्ही आणून दिलेल्या यंत्राबद्दल. दादा, अकोल्याच्या रेडिओच्या दुकानात बसून तुम्ही काय विद्या मिळवलीत! ते स्टीरिओ आमच्या ओसरीत मांडलंत, दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर ठेवलेत, आम्हा भावांना मधोमध बसवलंत आणि भजनाची तबकडी लावलीत. बाई एका स्पीकरमधून गात होती, तबला दुसऱ्यातून वाजत होता, आणि अख्खं गाणं मात्र समोर, जिथे काहीच ठेवलेलं नव्हतं, तिथे येऊन उभं राहिलं. जानराव तर उठून तिथे हात फिरवून आला. (मीही जाणार होतो, पण थोरलेपण आडवं आलं.) एका गाण्याच्या दोन वाटा म्हणजे स्टीरिओ, एकेका वाटेला चॅनेल म्हणायचं आणि दोन्हींचं पारडं सारखं ठेवणारी खुंटी ती बॅलन्स, हे तुम्ही इतकं सोपं करून सांगितलंत की मी ते गावभर सांगत सुटलो. थोडं चुकीचं सांगितलं, पण लोकांनी ऐकलं.

पुढे आमची वाटणी झाली. कशावरून झाली, हे आता दोघांनाही धड सांगता येत नाही. पंच म्हणून पुंजाजी पाटील बसले. माणूस न्यायाचा. बैल एकेक, परात एकेक, तसा स्पीकरही एकेक. यंत्र थोरल्याकडे, तबकड्या धाकट्याकडे, अंगणात भिंत आणि भिंतीवरून स्पीकरची तार. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

संध्याकाळी भिंतीवरून तबकडी आली, मी लावली, आणि माझ्या घरात नुसता तबला! बाईचा पत्ताच नाही. मला वाटलं, जानरावाने तिला अडकवून ठेवली. तेवढ्यात तोच तिकडून ओरडला, "भाऊ, तबला काऊन ठेवून घेतला?" पुंजाजींना बोलावलं. त्यांनी दोन्ही घरांत कान देऊन निकाल दिला, "स्पीकर बदला." बदलले. माझ्याकडे पुन्हा तबलाच! (तारा बदलायच्या असतात, हे तुमच्यावाचून इथे कोणाला सुचणार?) तेव्हापासून मी तबल्यावर जेवतो आणि जानराव ताल नसलेल्या भजनावर. पूर्ण गाणं गावात एकाच माणसाला ऐकू येतं. पुंजाजींचा ओटा आमच्या दोन्ही घरांसमोर नेमका मधोमध आहे. रोज पान लावून बसतात आणि मला सांगतात, "काय यंत्र हाय बे वामन!"

परवा माझं डोकं फिरलं. बाईला खेचून इकडे आणावी म्हणून बॅलन्सची खुंटी पिळली, ती नेमकी उलट्या बाजूला. माझ्याकडे शुकशुकाट. आणि पाहतो तर जानराव दारात! वाटणीनंतर पहिल्यांदा उंबरा ओलांडून आला, तोही अनवाणी, धापा टाकत. म्हणाला, "भाऊ, तुह्याकडचा तबला बंद झाला. तुले काही झालं तं नाही ना?" म्हणजे हा रोज भिंतीला कान लावून बसत होता! पण मी काय बोललो, तर "खुंटी फिरली होती." तो म्हणाला "हाव," आणि गेला. असे आम्ही दोघे.

तर एवढं करा. सवड काढून या आणि जानरावाला दुकानदाराच्या तोऱ्यात सांगा की दोन्ही स्पीकर एकाच ओसरीत हवेत, कंपनीचा नियमच आहे, नाहीतर यंत्र जळतं. मी सांगितलं तर थोरला नमला असं होतं, त्याने सांगितलं तर धाकटा. यंत्रापुढे नमायला दोघांचीही हरकत नाही.

तुमचा आज्ञाधारक,
वामन

ता. क. यंत्राच्या पाठीमागे 'मोनो' लिहिलेलं एक बटण सापडलं. दाबलं, तर बाई आणि तबला दोघंही माझ्या घरात! म्हणजे तिकडेही दोघं गेली असणार, म्हणून लगेच सोडून दिलं. या बटणाबद्दल जानरावाजवळ अवाक्षर काढू नका. दोन्ही घरांत पूर्ण गाणं पोचलं, की भिंत कायमची झालीच म्हणून समजा.

आणखी एक. पत्र टाकायला जानरावच शेगावला चालला आहे. काळजी नको, पाकीट डिंकाने पक्कं चिकटवलं आहे.

(खाली दुसऱ्या अक्षरात, पेन्सिलीने)

इंद्रभानदादा, डिंक ओलाच होता. ते बटन मले पयल्या दिवसापासून ठाऊक हाय. भाऊ चहा सांगायले आत गेला, तवा तुम्हीच दाखवलं होतं. म्या बी कोणाले सांगतलं नाही. नियम सांगायले लवकर या. माह्या घरचा स्पीकर म्या पुसून दाराशी आणून ठेवला हाय.
— जानराव