एक हात वगळून

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, लग्न केलेले नाही, हे मृत्युपत्र राहत्या घराच्या पुढच्या खोलीत, शिलाई मशीनच्या फळीवर कागद ठेवून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गावात याबाबत वेगळे मत असल्यामुळे डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. हे मी कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आयुष्यभर होते, पण त्याखाली मी कधी काही लिहून दिले नाही, आणि आता हृदय थकले म्हणून नवी सवय लावून घ्यायचे कारण नाही.

वकील म्हणाले, कलमे थोडक्यात लिहा. प्रयत्न करते.

कलम १. घर. पुढची खोली, मागची खोली, न्हाणी आणि अंगणातला नळ माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला, तिच्या एकटीच्या नावे द्यावा. तिच्या नवऱ्याचे नाव कुठेही लागू नये. जावई वाईट नाहीत, पण त्यांना नाव लागलेले फार आवडते. बसथांब्याच्या बाकावर लागले आहे तेवढे पुरे.

मला एक अट घालायची होती. पुढची खोली भाड्याने द्यावी आणि भाडेकरूला ‘तू कुठला, कुणातला’ असे विचारू नये. वकील म्हणाले, “बाई, असली अट टिकत नाही. बघायला कोण येणार आहे?” खरे आहे. अट काढली, इच्छा म्हणून राहू देते. इच्छेला कोर्टात किंमत नसते, गावातही नव्हती.

ही इच्छा कुठून आली ते सांगते. आमची नगर समिती दरवर्षी सभा भरवते, तिथे हात वर करून ठराव मंजूर होतात. अध्यक्ष माझा दादाच. मी त्या सभेत जन्मभर ठराव मांडत आले. वाचनालय मुलींना संध्याकाळीही उघडे असावे, घरच्यांना न विचारता लग्न केलेल्यांना वाळीत टाकू नये, असे साधेच. ठरावाला सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचक मी असायची. अनुमोदक कधी मिळाला नाही, त्यामुळे माझा एकही ठराव मताला गेला नाही. सभा संपली की लोक जिन्यात गाठून हळूच म्हणायचे, “बाई, बोललात ते खरंय हं.” जिन्यात मला नेहमीच बहुमत होते.

मग हातात राहिले ते त्यांच्या ठरावांना विरोध करणे. त्याने एक शब्द बदलतो. ‘एकमताने मंजूर’ऐवजी चिटणिसांना ‘बहुमताने मंजूर’ असे लिहावे लागते. त्यांनी ‘एकमताने मंजूर’ असा रबरी शिक्काच करून घेतलेला आहे. गटारे आणि दिवे यांच्या ठरावांना तो लागतो, त्यांना मीही हात वर करते. बाकी वेळी विरोधात माझा हात दिसला की ते शिक्का डबीत ठेवतात, सुस्कारा सोडतात आणि पेनाचे टोपण काढतात. पोरे मला नाहीबाई म्हणतात. त्यांच्या आयाही म्हणतात, फक्त मी पुढे गेल्यावर.

पुलाच्या कामाला परगावचे गवंडी आले, त्यातल्या एका जोडप्याला मी पुढची खोली दिली. लगेच ठराव आला, परक्यांना गावात घर भाड्याने देऊ नये. आदल्या दिवशी दादा घरी आला आणि कोटही न काढता बसला.

“तुझ्या एका हातानं काय होणारे गं?”

“एक शब्द बदलतो, दादा.”

“शब्दानं काय होतं?”

“काहीच होत नाही, तर तुला एवढा का बोचतो?”

चहा न घेताच गेला. ठराव बहुमताने मंजूर झाला. गावाने माझ्याकडे कापड टाकणे बंद केले, त्याचे मला काही वाटले नाही. वाटले ते पुढचे. थोड्याच दिवसांत गवंड्याने स्वतःहून सामान बांधले. म्हणाला, “बाई, तुम्ही आमच्यासाठी भांडता आणि बोलणी माझ्या बायकोला बसतात. जिथं आमची बाजू कुणी घेत नाही, तिथं आम्ही निदान गुपचूप राहतो तरी.” गाव म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला. खोली तेव्हापासून रिकामी आहे.

कलम २. शिलाई मशीन. त्या गवंड्याच्या बायकोला द्यावे. हातशिलाई तिची माझ्यापेक्षा बारीक होती. तिचा पत्ता माझ्याकडे नाही आणि कुणी शोधेल असेही वाटत नाही. पत्ता लागला नाही तर मशीन खोलीतच राहू द्यावे. पण वहिनीला देऊ नये. तिला शिवता येते, उसवता त्याहून चांगले येते.

कलम ३. मोठी कात्री आणि मापाचा लाकडी गज दादाला. दादा, तुझा अध्यक्षपदाचा कोट मीच शिवला आहे. काखेत मी कापडाचा एक जादा तुकडा घालते, म्हणजे हात वर केला तरी अंगात ओढत नाही. तुझ्या कोटालाही घातला आहे. मला विरोध करायचा होता, तुला अडचण करायची नव्हती. एवढा फरक तुला जन्मात कळला नाही, याचा मला राग आहे आणि तो मी सोबत नेत आहे. मागे ठेवत नाही.

कलम ४. हात. याची वाटणी वकिलांना मान्य नाही, तरी लिहिते.

भाचीचे सगळे कपडे लहानपणापासून मी शिवले, सगळ्यांना काखेत तो तुकडा आहे. शाळा सुटली की ती याच खोलीत बसून माझ्याशी वाद घालायची, आणि मला गप्प करायची. मला वाटायचे, माझी काळजी मिटली. परक्यांच्या ठरावाविरुद्ध मी हात वर केला तेव्हा मागे वळून पाहिले. भाचीचा हात निघाला होता. खांद्याच्या वर आला होता. मग तिने नवऱ्याकडे पाहिले आणि तो हात केसांकडे वळला. तिने केस सारखे केले. ते आधीच सारखे होते. कापड ओढले म्हणून हात थांबला असे ती म्हणू शकत नाही.

मी तिला कधी बोलले नाही. तिला त्या घरात नांदायचे आहे, मला नव्हते. पण त्या दिवशी माझ्यातले जे गेले ते परत आले नाही, हे लपवून काय करू?

उद्या पुन्हा सभा आहे. वाचनालयातली ‘नको ती’ पुस्तके काढायचा ठराव आहे. मला सभेचा जिना चढायला डॉक्टरांची मनाई आहे. भाची काल येऊन गेली, औषधे नीट लावून दिली. उद्याबद्दल तिने काही विचारले नाही, मीही विचारले नाही. उद्या शिक्का डबीत जाणार नाही.

कलम ५. दुखवटा. मी गेल्यावर पहिल्या सभेत माझ्या दुखवट्याचा ठराव येईल. ‘गावाच्या लेकीने निर्भीडपणे मते मांडली’ वगैरे. सूचक दादा असेल. अनुमोदकांची रांग लागेल. ठराव एकमताने मंजूर होईल.

त्या ठरावाला माझा विरोध आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, माझी मेल्यावरही जाऊ नये एवढीच व्यवस्था करायची आहे. पोरी, बाकी जन्मात कशाच्याही विरोधात हात वर करू नकोस. या एका ठरावाच्या विरोधात कर. आत्याच्या मृत्युपत्रात लिहिले होते म्हण, तुझ्यावर कुणी रागावणार नाही, घरातही नाही. चिटणिसांना एकदा पेनाचे टोपण काढू दे.

तू करणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. घर तरीही तुझेच आहे.

सही (नाहीबाई, असे ओळखीसाठी)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: वार्षिक सभेचा आदला दिवस, तारीख डॉक्टरांनी त्यांच्या सहीखाली घातली आहे.

(ठरावाला एक अनुमोदक मिळाला नाही, मृत्युपत्राला साक्षीदार दोन लागतात. डॉक्टर आले, त्यांनी किराणा दुकानदारांना सोबत आणले. दुकानदारांनी आधी विचारून घेतले, “आतलं वाचावं लागत नाही ना?” लागत नाही. मग पुढचा मजकूर दोघांनी आपसात ठरवून स्वतः लिहिला.)

लिहून देणार बाईंनी आमच्यासमोर सही केली, एवढ्यापुरतेच आम्ही साक्षीदार आहोत. वरील मजकूर आम्ही वाचलेला नाही व त्याच्याशी आमचा संबंध नाही. याबाबत आम्हा दोघांचे एकमत आहे.

साक्षीदार: १. सही (डॉक्टर)
२. सही (किराणा दुकानदार)