मागची रुंद चाकं

कुवेत, शुक्रवार, १२ मार्च १९६५

युसूफने, माझ्या भाच्याने, आपल्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीला मागे रुंद चाकं बसवून आणली. हरणाला मागून हत्तीचे पाय लावावेत तसं ध्यान. "आधीची मोडली होती?" म्हटलं, तर म्हणे, "मामू, फॅशन आहे. तुम्हाला नाही कळायची."

दर शुक्रवारी तो मला शहराबाहेर जहरा गावाच्या रस्त्याने फिरवतो. आठवडाभर दुकानात बसून मी त्याचीच वाट पाहतो. वाऱ्यात शाळेतल्या कविता मोठ्याने म्हणता येतात. आज शेजारी बसलो, आणि पहिल्याच खड्ड्यात मागून खर्रर्र. दोघांचं वजन पडलं की चाक मडगार्डला घासतं. एकट्याने चालवली की नाही घासत.

"टायर फाटेल, मामू. तुम्ही उतरा."

उतरलो. दोन माणसांची गाडी, पदरचे पैसे घालून एकाची केली. याला म्हणे फॅशन! आमच्या रत्नागिरीत असल्याला कुणी हातगाडीसुद्धा दिली नसती.

खर्रर्र. अजून कानात आहे.

संध्याकाळी खोलीतच एक कविता म्हणून पाहिली. पहिल्या कडव्यालाच थांबलो. मूर्ख आहे कार्टा, पण "मामू, पुढचं कडवं" एवढं न चुकता म्हणायचा.