फ्रिज नंबर एकतीस

सोमवार, १२ जानेवारी २०२६

दहिसरच्या दवाखान्यातून फोन. सुलक्षणाताई — तिथला लसींचा फ्रिज त्या सांभाळतात, त्याच्या तापमानाची नोंद आमची कंपनी ठेवते. आधी शांत होत्या. "ऑक्टोबरात फ्रिज नऊ तास बंद पडला. दोनशे डोस मी फेकून दिले. आणि तुमच्या वार्षिक रिपोर्टात बिघाड शून्य?" मग आवाज चढला. "मी काय खोटा बोलतंय?"

शुक्रवारी अकराला त्यांची चौकशी. आरोप — चांगल्या लसी वाया घालवल्या. पुरावा — आमची एक्सेल फाईल!

मंगळवार, १३

थेट डेटाबेसमध्ये पाहिलं. दहिसरचा फ्रिज ३१, ऑक्टोबर — तापमान चारवरून एकोणीसवर. सगळं नोंदलेलं आहे. बाई खऱ्या आहेत.

मग फाईलमध्ये का नाही? खाली खाली गेले. शेवटची ओळ — फ्रिज २०, १३ डिसेंबरची संध्याकाळ. पुढं काहीच नाही.

एक्सेलच्या एका शीटमध्ये साडेदहा लाखांच्या आसपास ओळी मावतात. आमचे चाळीस फ्रिज, दर दहा मिनिटांना एक नोंद, वर्षाच्या एकवीस लाखांवर. अर्ध्या नोंदी गुपचूप गळल्या. नोंदच नाही, तर बिघाड दिसणार कुठून! म्हणे शून्य.

बुधवार, १४

आमचे साहेब, विद्याधर सर, म्हणाले, "अगं गंधाली, फाईल उघडते ना? मग झालं."

"अर्धीच आहे सर."

"रिपोर्ट गेलाय. आता चूक म्हटलं तर वाट लागेल. पुढच्या वर्षी बघू."

चौकशी परवा आहे, पुढच्या वर्षी नाही! तसं सांगितलं. नवी फाईल उद्या देते, प्रत्येक फ्रिजची वेगळी शीट, असंही सांगितलं.

"क्लायंटला एकच शीट लागते."

"मग त्यांना वर्ष सहा महिन्यांचं करायला सांगा."

शौनक शेजारच्या टेबलावर चहा पिता पिता ठसकला. सर नाही हसले.

गुरुवार, १५

सकाळी सगळ्या नोंदी एकदम उचलल्या — सतराव्या फ्रिजला सर्व्हर झोपला. दुसऱ्यांदा पाच-पाच हजार नोंदी घेतल्या, फाईलमध्ये लिहिल्या, मेमरीतून सोडल्या, पुढच्या घेतल्या. सव्वातीनला फाईल तयार. मोजून पाहिलं — २१,०२,४००. एकही कमी नाही.

दवाखान्याला पाठवली. वर लिहिलं, "आमचा आधीचा रिपोर्ट अपुरा होता." खाली माझं नाव. सरांना प्रत.

सर टेबलाशी आले. "विचारायचं तरी!"

सांगितलं होतं. काल.

आता काढतील तर काढोत. बावीस वर्षं दिलेली तारीख चुकवली नाही. ही तर मुळीच चुकवणार नव्हते.

शुक्रवार, १६

साडेबाराला फोन. "सुटलंय गो!" सुलक्षणाताई हसतायत की रडतायत, कळेना. मग म्हणाल्या, "पण तुमच्याकडे हा रिपोर्ट कापल्यान कोणी?"

शोधते, म्हटलं.

शनिवार, १७

शोधलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये एकच ओळ — एवढ्या नोंदी झाल्या की थांब. इशारा नाही, काही नाही. शेजारी टीप: "काहीही झालं तरी फाईल उघडली पाहिजे. — गंधाली, मार्च २०१९."

विसावा फ्रिज आला १ जानेवारी २०२१ ला; तेव्हापासून वर्षाच्या नोंदी एका शीटमध्ये मावेनाशा झाल्या. म्हणजे पाच वर्षांचे रिपोर्ट.

पत्रं सोमवारी. सगळ्या दवाखान्यांना. खाली माझंच नाव.