गाळलेल्या नऊ नोंदी

१२ नोव्हेंबर

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. ते नेहमीचेच आहेत, माझ्या रागाशी त्यांचा संबंध नाही. इथे सगळं ठीक. दुकान नऊला उघडतं, सातला बंद होतं. पुस्तकं दाबायचा मोठा शिकंजा अजून करकरतो. मुलीचा खोकला थांबला का?

तुझा मेल मिळाला, सोबतचा अहवालही. मेलने उत्तर दिलं असतं तर तू "नोट केलं, ताई" एवढं लिहून मोकळा झाला असतास. म्हणून कागदावर लिहिते आहे.

आधी कामाचं. आपल्या बाइंडिंगच्या दुकानाची वेबसाइट तू बनवलीस आणि जुलैत तिच्यावर ती प्रश्नांची चौकट टाकलीस: कशासाठी आलात, ते सापडलं का, काय अडलं, आणखी काही सांगायचंय का. चाळीस जणांनी उत्तरं दिली. फोन नंबर पानाच्या तळाशी लपलाय, तो वर घ्या, असं चौदा जण म्हणतात. बरोबर आहे. एक पुस्तक शिवायला किती दिवस लागतात ते कुठेच लिहिलेलं नाही. तेही बरोबर. कातडी कव्हरांचे फोटो अंधारे आहेत. ते मी काढले होते, तेव्हा गुन्हा कबूल.

आता तुझी चौथी सूचना. "पहिल्या पानावरचा संस्थापकांचा फोटो काढावा. अकरा जणांना तो जुनाट वाटला." शुक्रवारपर्यंत मी 'हो' म्हटलं की तू नवं पान चढवणार.

संस्थापक. बाबांना जाऊन सात आठवडे झाले नाहीत आणि ते संस्थापक झाले!

हा शब्द वाचून मी लॅपटॉप मिटला आणि त्या दिवशी एका शब्दकोशाचा कणा उलटा चिकटवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. पण राग फोटोचा नाही. तो फोटो वाईटच आहे. तूच काढलास, ते काहीतरी बोलत होते आणि तोंड अर्धं उघडं राहिलं.

राग शेवटच्या ओळीचा आहे. "एकाच व्यक्तीच्या नऊ पुनरावृत्त, विषयाबाहेरच्या नोंदी वगळल्या आहेत."

त्या नऊ नोंदी तू वाचल्यास? की यंत्राने गाळणी लावली आणि त्या तिच्यात अडकल्या? वाचल्या नसशील तर मी लिहून देते. सगळ्या नाही.

"कशासाठी आलात? — धाकट्याचं काम बघायला. सापडलं का? — हो. अक्षर मोठं ठेवलंस, बरं केलंस."

"काय अडलं? — जिना. तुझ्या पानाचा दोष नाही. दुकान खाली, मी वर."

"आणखी काही सांगायचंय? — तपासणी पुन्हा झाली. ताईला वाटतं मला काही कळत नाही. तिला तसंच वाटू दे."

आणि सप्टेंबरातली शेवटची. "कशासाठी आलात? — तुझं उत्तर आलंय का बघायला. सापडलं का? — नाही. घाई नाही."

ओळखलंस, कोण ते?

काउंटरवरची अभिप्राय वही आठवते ना तुला? गिऱ्हाईक काहीही लिहो, 'शिवण सैल आहे' लिहो की 'चहा विचारला नाहीत', बाबा दुकान बंद करताना प्रत्येक नोंदीखाली लाल पेन्सिलीने उत्तर लिहायचे. त्या चहावाल्याला त्यांनी लिहिलं होतं, "पुढच्या वेळी दोन कप. एक मागच्या वेळचा." लहानपणी तू मुद्दाम खोटी नावं घालून त्यात लिहायचास आणि उत्तर वाचायला पळत यायचास. ते अक्षर ओळखायचे, तरी उत्तर द्यायचेच.

तुझी चौकट त्यांना त्या वहीसारखीच वाटली. मुलाने चार प्रश्न विचारलेत, त्यांची उत्तरं लिहायची, तो खाली काहीतरी लिहील. मी म्हटलं, "बाबा, ती गिऱ्हाइकांसाठी आहे. त्याला सरळ फोन करा." तर म्हणाले, "फोनवर तो कसं वाटतंय विचारतो आणि मी बरं म्हणतो. दोघंही सुटतो. इथे त्याने नीट विचारलंय. विचारणारा वाचतोच गं."

तू वाचलं नाहीस. तू मोजलंस, आणि मोजतानाही त्यांना धरलं नाहीस. लोकांचं ऐकून घ्यायचं, हा तुझा धंदा आहे ना रे? अकरा परक्यांना फोटो जुनाट वाटला ते तुला ऐकू आलं.

इथवर पत्र संपवणार होते. परवा संपवलंही होतं, पाकिटात घातलं होतं. आज ते फोडलं.

तिसऱ्या नोंदीपासून टाइप मी केलं. त्यांचा हात थरथरायचा. "ताईला वाटतं मला काही कळत नाही" हेसुद्धा त्यांनी मलाच सांगितलं आणि मी जसंच्या तसं लिहिलं. ऑगस्टमध्ये तुझा फोन आला होता. तू म्हणालास, "प्रतिसाद बरे येतायत ताई, चाळीस झाले की एकदम बघीन." मला त्याच क्षणी समजलं, की तू एकही नोंद उघडलेली नाहीस. मी एवढंच म्हणायचं होतं, "आजच उघड." पाच मिनिटांचं काम होतं.

मी म्हटलं, "बरं."

मी मुळात कमी बोलते, असं सगळे म्हणतात. त्या दिवशी मी मुद्दाम बोलले नाही. जिना चढून वर जाणारी मी, औषधं देणारी मी, आणि ते रोज पान उघडून वाट बघणार तुझी. मला वाटलं, बघू देत त्यांना, कोण उत्तर देतं आणि कोण देत नाही. म्हणून अजून सहा वेळा मी ते टाइप केलं आणि गप्प राहिले. त्यांनी तुझ्याबद्दल वाईट शब्द काढला नाही, त्याचाही मला राग आला.

तेव्हा तुझ्यावरचा राग पूर्ण खरा आहे, पण तो सगळा तुझा नाही. तुझ्या वाटणीचा तेवढा घे.

फोन नंबर वर घे. दिवस लिही. फोटो काढायचा असेल तर काढ, माझं 'हो' समज. पण ते पत्राने आलेलं 'हो' आहे, त्याने तू सुटत नाहीस.

त्या नऊ नोंदी छापून मी अभिप्राय वहीत शिवल्या आहेत. प्रत्येकीखाली चार बोटं जागा सोडली आहे. पूर्ण वहीत उत्तराविना राहिलेल्या तेवढ्याच. वही पोस्टाने पाठवणार नाही. काउंटरवर आहे, लाल पेन्सिल टोक करून तिच्यात ठेवली आहे. दहावी नोंद माझी आहे, बाबांना लिहिलेली. तिचं उत्तर मात्र तुला देता येणार नाही, ते मला माहीत आहे.

उत्तराची वाट बघत नाही, असं लिहिणार होते. खोटं लिहून झालं तेवढं पुरे.

तुझी,
ताई