निळ्या पडद्यांची बातमी

तीर्थस्वरूप आत्यांना साष्टांग नमस्कार.

फोन दुरुस्त करणाऱ्याने माझा फोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, यात कोणी नाही." त्याआधी तुमच्या गुडघ्याची चौकशी करायला हवी होती, ती आता करते. कसा आहे? (पत्ता वर उजवीकडे, मजल्यासकट लिहिला आहे. पत्त्याशिवाय पत्र म्हणजे दाराशिवाय घर, हे तुमचंच शिक्षण.)

घटस्फोटाला चार महिने झाले. मी सगळे पासवर्ड बदलले. पहिल्या शाळेचं नाव वगैरे प्रश्नांना खोटी उत्तरं दिली, कारण खरी त्यांना पाठ आहेत. (खोटी मला आठवत नाहीत. बँकेच्या लेखी मी आता कोणीच नाही.) दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांना काचा बसवते आणि घरी येऊन कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावते. नवा पत्ता त्यांना कळू नये, एवढंच मागणं. तरी मंगळवारी तुमच्या जावईबापूंचा (माजी; हा शब्द तुमच्या तोंडात बसत नाही) निरोप आला : 'पडदे निळे का घेतलेस?'

दुरुस्तीवाल्याने विचारलं, पडद्यांचा फोटो कोणाला पाठवला? म्हटलं, फक्त आत्यांना. "आत्यांचा फोन कोणी सुरू करून दिला?" आपल्याकडचा प्रत्येक फोन त्यांनीच सुरू करून दिलाय. तुमचा तर त्यांच्याच खात्यावर, कारण तुम्ही म्हणालात, "मला कशाला वेगळं खातं? जावई काय परका आहे?" तेव्हा तुमच्याकडे येणारा प्रत्येक फोटो त्यांच्याकडेही जमा होतो. पडदे, माझी सुजलेली दाढ, सगळं. म्हणून हे पत्र कागदावर.

तुमची,
भाची

ता. क. खरं काम हे : फोन त्यांच्या खात्यातून सोडवून घ्या. सोडवायला त्यांनाच बोलावू नका.

आणखी ता. क. पाकीट शोधत होते तेवढ्यात तुमचा फोन आला. चष्मा नाही (तो माझ्याच टेबलावर काचांची वाट पाहतोय), पत्राचा फोटो पाठव, मोठा करून वाचते, म्हणालात. तुमचा शब्द मी कधी मोडलेला नाही. अख्खं पान पाठवलंय.

दुसरा दिवस, सकाळ. त्यांचा निरोप आला : 'तिसरा मजला? लिफ्ट आहे का?'

लिफ्ट नाही.